प्रहरांची ओवण आणि सुटे गीत : ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ व तिरुक्करुगावूरची पंचारण्य यात्रा

१

एखाद्या दीर्घ कलाकृतीतला एखादा अंश तिच्यापासून सुटून स्वतंत्रपणे लोकप्रिय होतो, तेव्हा मूळ कृतीचे काय होते आणि त्या अंशाचे काय होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासाला नवा नाही. आख्यानातले एखादे पद, नाटकातली एखादी नांदी, महाकाव्यातला एखादा संवाद आपल्या जागेवरून उठून लोकांच्या ओठी बसतो. कालांतराने अशी स्थिती येते की, पद सर्वांना ठाऊक असते आणि आख्यान कोणालाच नसते. यात काही हरवते काय आणि हरवत असल्यास नेमके काय, याचा शोध घेण्यासाठी एकमेकांशी कोणताही ऐतिहासिक संबंध नसलेल्या दोन रचना येथे समोरासमोर ठेवल्या आहेत. पहिली रचना म्हणजे ‘द मूडी ब्लूज’ या इंग्रज वाद्यमेळाचा १९६७ मधील ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ हा अल्बम. दुसरी म्हणजे कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटरवर, वेट्टारू नदीकाठी वसलेल्या तिरुक्करुगावूर येथे पहाटे सुरू होणारी आणि रात्री तिरुक्कोळ्ळंबुदूर येथे संपणारी पंचारण्य क्षेत्रांची एकदिवसीय यात्रा.

या दोहोंत प्रभावाचे नाते नाही आणि ते शोधण्याचा हेतूही नाही. तुलना प्रकारलक्षी आहे. पहाट ते रात्र हा एका दिवसाचा क्रम दोन्ही रचनांचा मूलभूत रूपबंध आहे. दोन्हींतील काही स्थाने क्रमातून सुटून स्वतंत्रपणे प्रसिद्धी पावली आहेत. आणि दोन्हींच्या बाबतीत, सुट्या अंशाकडे येणाऱ्यांची संख्या संपूर्ण क्रम अनुभवणाऱ्यांहून कितीतरी मोठी आहे. ही समांतरता अर्थपूर्ण ठरते ती एका कारणासाठी. क्रमात ठेवल्याने अंशाच्या अर्थात कोणता फरक पडतो, हे दोन रचना शेजारी ठेवल्यावर अधिक स्पष्ट दिसते.

२

प्रोग्रेसिव्ह रॉक या संज्ञेने साधारणतः जी निर्मिती ओळखली जाते तिचा बहर १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातला. तीन मिनिटांच्या नृत्यगीताची चौकट ओलांडून दीर्घ, बहुखंडी, पाश्चात्त्य अभिजात संगीताशी नाते सांगणारी रचना करणे ही तिची प्रमुख प्रेरणा. ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ हा या प्रवाहाच्या आरंभकाळातील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. डेक्का कंपनीच्या डेरॅम या शाखेने तो नोव्हेंबर १९६७ मध्ये प्रकाशित केला. निर्मिती टोनी क्लार्क यांची. गटाची गीते जस्टिन हेवर्ड, जॉन लॉज, रे थॉमस व माइक पिंडर यांची, तर तालवादक ग्रॅम एज यांनी दोन काव्ये लिहिली आणि ती पिंडर यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली. गीतांना जोडणारे वाद्यवृंदाचे भाग पीटर नाइट यांनी रचले व त्यांचे संचालन केले. हा वाद्यवृंद लंडन फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा या नावाने नोंदला गेला आहे. कंपनीने आपले नवे स्टिरिओ तंत्र दाखवण्यासाठी या गटाला द्वोर्झाक यांच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीची रॉक-आवृत्ती करण्यास सांगितले होते आणि गटाने परस्पर स्वतःची रचना उभी केली, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. ध्वनिमुद्रणाशी प्रत्यक्ष संबंध असलेल्यांकडून तिच्यावर पुढे आक्षेपही घेतला गेला आहे. समीक्षेच्या दृष्टीने या हकीकतीपेक्षा प्रत्यक्ष संहिता महत्त्वाची.

संहितेचे सात खंड आहेत : दिवसाचा आरंभ, पहाट, सकाळ, जेवणाची सुट्टी, दुपार, संध्याकाळ आणि रात्र. आरंभीच्या खंडात वाद्यवृंद पुढील गीतांच्या चालींची पूर्वसूचना देतो आणि त्यानंतर पहिले काव्यवाचन येते. पहाटेचे गीत संथ आहे. सकाळच्या गीतात मुलांचे खेळ आणि बासरी आहे. जेवणाच्या सुट्टीचे ‘पीक अवर’ हे या अल्बममधील सर्वांत वेगवान गीत. दुपारच्या खंडात हेवर्ड यांचे मंगळवारच्या दुपारचे प्रसिद्ध गीत व लॉज यांचे कामातून सुटका मागणारे गीत. संध्याकाळच्या खंडात सूर्यास्त व संधिप्रकाश. शेवटी रात्र, म्हणजे ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’, आणि तिच्या पाठोपाठ दुसरे काव्यवाचन. घंटेच्या एका प्रदीर्घ आघाताने रचना संपते.

या रचनेवर पहिल्यापासून घेतला गेलेला आक्षेप असा की, वाद्यवृंद आणि रॉक गट यांचा मिलाफ येथे खऱ्या अर्थाने झालेलाच नाही. दोन्ही प्रायः आळीपाळीने वाजतात. गीतांच्या पोटात जे तंतुवाद्यांचे स्वर ऐकू येतात ते बहुतांशी वाद्यवृंदाचे नसून पिंडर यांच्या मेलोट्रॉनचे आहेत. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली आधी ध्वनिमुद्रित केलेली फीत असते आणि सुमारे आठ सेकंदांनी ती संपते. पट्टी सोडून पुन्हा दाबावी लागते. नाइट यांच्या जोडभागांची शैली त्या काळच्या हलक्याफुलक्या वाद्यवृंदीय संगीताची आहे, तीत चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा गोडवा आहे. हे सारे खरे आहे. तथापि या आक्षेपामागे एक गृहीतक आहे : मिलाफ म्हणजे एकाच वेळी एकत्र वाजणे. क्रम हा ज्या रचनेचा प्राण आहे तिला हे गृहीतक लावणे कितपत उचित, याचा विचार पंचारण्य यात्रेच्या संदर्भात करता येतो.

३

तिरुक्करुगावूर हे तंजावर जिल्ह्यातील पापनाशम तालुक्यातले गाव. ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणे आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. गर्भ राखणारे गाव असा या नावाचा अर्थ लावला जातो. येथील शिव मुल्लैवननाथ, म्हणजे जुईच्या कुळातील मुल्लै या वेलीच्या वनाचा स्वामी, देवी गर्भरक्षांबिका. संबंदर व अप्पर या दोन्ही संतकवींनी या स्थळावर पदे रचल्यामुळे तेवारमच्या पाडल पेट्र स्थळांत त्याची गणना होते. स्थळपुराणानुसार निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका गर्भवती असताना दारी आलेल्या ऊर्ध्वपाद ऋषींच्या हाकेला थकव्यामुळे उत्तर देऊ शकली नाही. त्यांच्या शापाने गर्भ क्षीण होऊ लागला. देवीने तो एका दिव्य कलशात राखला, आणि जन्मलेल्या बालकाला कामधेनूचे दूध मिळाले. आजही अपत्यप्राप्तीची इच्छा करणाऱ्यांना येथे तुपाचा आणि सुखरूप प्रसूतीची प्रार्थना करणाऱ्यांना एरंडेलाचा प्रसाद दिला जातो. तमिळनाडूच्या बाहेरूनही माणसे येथे येतात, त्यांतील बहुतेकांना या एकाच देवळाशी कर्तव्य असते.

परंतु परंपरेत हे देऊळ एकटे नाही. पाच वनांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या पाच शिवस्थानांपैकी ते पहिले आहे, आणि पाचांचे दर्शन एकाच दिवसात, पाच पूजाकालांच्या क्रमाने घ्यावे असा संकेत आहे. उषःकाली तिरुक्करुगावूरचे मुल्लैवन, सकाळच्या कालसंधीला अवळिवनल्लूरचे पाडळीचे वन, माध्यान्हीच्या उच्चिकाली हरिद्वारमंगलमचे शमीवन, सायंपूजेला आलंगुडीचे पूळैवन आणि अर्धयामाला तिरुक्कोळ्ळंबुदूरचे बिल्ववन. एका देवळातील पाच पूजा पाच देवळांत वाटून दिल्यासारखी ही योजना आहे. भक्त एका जागी बसून दिवस जाताना पाहत नाही, तो दिवसाबरोबर चालतो.

या क्रमाचा शेवटही लक्षणीय आहे. तिरुक्कोळ्ळंबुदूरची आख्यायिका अशी की, नदीला पूर आल्याने नावाड्यांनी नावा सोडून दिल्या होत्या. संबंदर आपल्या शिष्यांसह एका नावेत बसले, त्यांनी पद गायिले आणि त्या पदाच्या बळावर नाव पैलतीरी लागली. या घटनेचा उत्सव तेथे आजही होतो. गर्भाच्या रक्षणापासून निघालेला दिवस पैलतीरी पोचवणाऱ्या गीतापाशी थांबतो. हा अर्थ पाचांपैकी कोणत्याही एका देवळात लिहिलेला नाही, तो केवळ क्रमात आहे.

येथेच वाद्यवृंदाविषयीच्या आक्षेपाचे उत्तर सापडते. पाच देवळे एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांना जोडतो तो कावेरीच्या खोऱ्यातला रस्ता : भातखाचरे, कालवे, नारळीच्या रांगा, मधली गावे. रस्त्याचे मूल्य तो देवळाइतका सुंदर आहे की नाही यावर ठरत नाही. मागच्या स्थानाची स्मृती पुढच्या स्थानापर्यंत नेणे हे त्याचे काम. नाइट यांचे जोडभाग नेमके हेच करतात. मागील वा पुढील गीताची चाल घेऊन, ती सैल करून, श्रोत्याला एका प्रहरातून दुसऱ्या प्रहरात नेतात. त्यांचे संगीतमूल्य मध्यम आहे हे मान्य करूनही त्यांचे रचनामूल्य नाकारता येत नाही. ते काढून टाकल्यास उरतात ती दहाबारा गीते व कविता, आणि दिवस नाहीसा होतो.

४

क्रमाची तुलना करताना माध्यान्हीचा बिंदू विशेष विचारात घ्यावा लागतो. तबकडीच्या मूळ रचनेत पहिली बाजू ‘पीक अवर’ या दुपारच्या घाईच्या गीताने संपते आणि दुसरी बाजू दुपारनंतरच्या निवांत खंडाने सुरू होते. म्हणजे दिवसाच्या बरोबर मध्यावर श्रोत्याला उठून तबकडी उलटावी लागते. ही विश्रांती तांत्रिक मर्यादेतून आली असली तरी दिवसाच्या घडणीत ती चपखल बसली आहे. पंचारण्य यात्रेतही हरिद्वारमंगलमच्या उच्चिकालपूजेनंतर दक्षिणेतील देवळांच्या रिवाजाप्रमाणे दारे बंद होतात आणि आलंगुडीच्या सायंपूजेपर्यंत कित्येक तासांचे अंतर पडते. दोन्हीकडे दिवसाला मधोमध एक पोकळी आहे. कॉम्पॅक्ट डिस्क आणि पुढे संगणकावरील श्रवण यांनी तबकडीतील पोकळी बुजवली. आजचा श्रोता दुपार ओलांडताना थांबत नाही. अल्बमच्या ग्रहणात झालेला हा बदल लहान दिसला तरी रूपबंधाच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही.

संहितेच्या इतिहासात आणखी एक गुंतागुंत आहे. मूळ स्टिरिओ मास्टर फिती खराब झाल्यामुळे १९७८ मध्ये या अल्बमचे पुनर्मिश्रण करण्यात आले आणि नंतरची कित्येक वर्षे हीच प्रत प्रचारात राहिली. २०१७ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, मूळ १९६७ चे मिश्रण पुन्हा उपलब्ध झाले. पोथ्यांच्या पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. ज्याला ‘मूळ’ म्हणून एका पिढीने ऐकले ते प्रत्यक्षात एक उत्तरकालीन संस्करण होते.

दोन्ही दिवसांतला मुख्य भेदही माध्यान्हीपाशीच उघड होतो. यात्रेतील माध्यान्ह ही सूर्य माथ्यावर आल्याची, पूजेची वेळ आहे. अल्बममधील माध्यान्ह ही जेवणाच्या सुट्टीची, गर्दीची वेळ आहे. तिचे नाव घड्याळ आणि कचेरी यांनी ठरवले आहे. जॉइस यांच्या ‘युलिसिस’ (१९२२) आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) या एकदिवसीय कादंबऱ्यांशी अल्बमचे नाते या बाबतीत अधिक जवळचे. महानगरातील सामान्य दिवस हाच तेथे महाकाव्याचा विषय होतो. अल्बममधील दिवस कामाने तुटलेला आहे. पहाटेच्या गीतातली व्यापक जाणीव दुपारी घाईत लोपते, तिसऱ्या प्रहरी सुटकेची इच्छा होते आणि सूर्यास्तानंतर पुन्हा संथ होते. यात्रेकरूच्या दिवसाला असे तुटणे ठाऊक नाही, कारण त्याने त्या दिवसापुरते काम बाजूला ठेवलेले असते. अल्बम ही कामाच्या दिवसाला यात्रेचा आकार देण्याची धडपड आहे, असे म्हटल्यास ते वस्तुस्थितीच्या जवळ जाईल.

५

मराठी अभ्यासकाला हा प्रदेश परका नाही. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरावर भोसल्यांचे राज्य होते आणि या राज्याने मराठीत नाटके, कीर्तने व निरूपणे यांची मोठी परंपरा निर्माण केली. प्रस्तुत तुलनेच्या दृष्टीने तिच्यातील एक रचनाप्रकार विशेष उपयोगी आहे. दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या नावावर असलेले ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ हे मराठी साहित्य नृत्यासाठी रचलेले आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते प्रसिद्धही केले आहे. त्यातील एका निरूपणात जयजय, शरणु, अलारु यांपासून शब्द, वर्ण, पद, तिल्लाना आदी प्रकारांतून मंगलापर्यंत अठरा जिन्नस येतात. साऱ्यांना मिळून एकच कथा आणि साऱ्यांना एकच राग, एकच ताल. तमिळमधील ‘कोर्वै’ या शब्दाचा अर्थ ओवणे, गुंफणे असा आहे. मराठीतील ‘ओवी’चा संबंधही ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडला जातो, हे येथे सहज आठवते.

अठरा सुट्या नृत्यप्रकारांना एका कथेत ओवण्याची ही कल्पना, आणि स्वतंत्र गीतांना एका संकल्पनेत ओवणारा १९६० च्या दशकातील अल्बम, यांत कालाचे व संस्कृतीचे मोठे अंतर आहे. परंतु दोन्हींपुढील रचनाप्रश्न एकच : भिन्न प्रकारच्या तुकड्यांना एकत्व कशाने द्यावे? सरफोजींच्या निरूपणाने ते राग-तालाच्या स्थैर्याने दिले, अल्बमने ते प्रहरांच्या सरकण्याने दिले. एकात सूत्र स्थिर आहे आणि मणी बदलतात. दुसऱ्यात सूत्रच पुढे सरकते. सरफोजींच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यवृंदही होता आणि पाश्चात्त्य संगीताच्या लिखित प्रती त्यांच्या संग्रहात होत्या, हे लक्षात घेता दोन वाद्यपरंपरा एका छताखाली पण आपापल्या जागी ठेवण्याचा अनुभव तंजावरला लंडनच्या बराच आधी होता.

प्रहरांच्या सूत्राचे भानही या भूमीत आहे. तेवारमच्या पण् या स्वरबंधांची दिवसाचे, रात्रीचे आणि सर्वकालीन अशी विभागणी आढळते. कर्नाटक संगीताच्या आजच्या मैफलीत कालनियम फारसा पाळला जात नसला तरी देवळातील नागस्वरवादकांनी पहाटे भूपाळम आणि रात्री नीलांबरी ही वाट सोडलेली नाही. मराठी रसिकाला हे समजावून सांगावे लागत नाही. पंढरपूरच्या नित्योपचारांतील काकडा, महापूजा, महानैवेद्य, पोशाख, धुपारती आणि शेजारती हा क्रम त्याच्या परिचयाचा आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी मराठीत मांडलेल्या संगीतशास्त्रात रागांची समयव्यवस्था आणि पहाट-सायंकाळच्या संधिप्रकाश रागांची जोडी यांचे विवेचन आहे. म्हणून या अल्बममधील पहाट व संध्याकाळ यांची परस्परांना दिलेली साद मराठी श्रोत्याला कदाचित इंग्रज श्रोत्याहून लवकर ऐकू येईल. अल्बमचा आस्वाद घेण्यासाठी त्याला आपली श्रवणपरंपरा बाजूला ठेवण्याची गरज नाही, उलट तीच त्याला अल्बमच्या गाभ्याशी नेते.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’ हे गीत सुटे होऊन जगभर गेले. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला बेताचेच यश मिळाले, मात्र १९७२ मध्ये अमेरिकेत ते लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले आणि त्याच्या मागोमाग पाच वर्षांपूर्वीचा अल्बमही वर आला. मंगळवारच्या दुपारचे गीतही १९६८ मध्ये स्वतंत्रपणे निघाले होते. पंचारण्यांतही अशी दोन स्थाने आहेत. गर्भरक्षणासाठी तिरुक्करुगावूर आणि गुरुग्रहाच्या उपासनेसाठी, विशेषतः गुरूच्या राशिपालटाच्या वेळी, आलंगुडी. उरलेल्या तीन देवळांची नावे दूरच्या भाविकाला बहुधा ठाऊक नसतात.

सुट्या रूपात ऐकले असता ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’ हे एका प्रेमिकाचे आत्मगत आहे. पाठवण्याच्या हेतूने न लिहिलेली पत्रे, न संपणाऱ्या रात्री आणि वारंवार उच्चारलेली प्रेमाची कबुली. त्यात ‘मी’ आणि ‘तू’ यांखेरीज कोणी नाही. दुःख खरे आहे, पण ते आपल्याच भोवती फिरते. अल्बममध्ये मात्र या गीतानंतर एज यांचे काव्य येते, आणि दृष्टी एकाएकी खोलीबाहेर जाते. दिवे मालवत चाललेल्या अनेक खिडक्या दिसू लागतात. भाड्याच्या खोलीत दिवस वाया गेल्याची खंत करणारी माणसे, एकमेकांत गुंतलेले प्रेमिक, प्रेमासाठी रडणारा एकटा पुरुष, तारुण्य आठवणारी वृद्ध माणसे. आणि त्यांच्यामध्ये, एका ओळीपुरती, बाळाला उचलून पाजणारी नुकतीच आई झालेली स्त्री.

या काव्यामुळे आधीच्या गीतातला प्रेमिक अनेक खिडक्यांपैकी एका खिडकीतला माणूस होतो. त्याचे दुःख कमी होत नाही, परंतु ते एकटे राहत नाही. शिवाय या काव्याचा शेवट रंग हिरावून घेणाऱ्या रात्रीच्या ज्या कडव्याने होतो, तेच कडवे अल्बमच्या आरंभीच्या काव्यातही आहे. तेथून पुढे सूर्याला जागे होण्याचे आवाहन होते. शेवटी ते आवाहन नाही, फक्त घंटा आहे. जो श्रोता आरंभ विसरलेला नाही त्याला ही घंटा नव्या दिवसाच्या उंबरठ्यावरची वाटते. सुट्या गीताच्या श्रोत्याला यातले काहीच मिळत नाही, कारण एकल तबकडीच्या रूपात हे काव्यवाचन नव्हते.

क्रमाने घडणारा बदल तो हा. क्रम खाजगी आर्ततेला सामायिक काळात नेऊन ठेवतो. तिरुक्करुगावूरला येणाऱ्या स्त्रीची प्रार्थना अत्यंत खाजगी असते. तिच्या मनात एकच जीव असतो, आणि तेच स्वाभाविक आहे. तीच प्रार्थना पाच वनांच्या दिवसाची पहिली पूजा म्हणून पाहिली की तिला दुसरा एक अर्थ येतो : दिवसाच्या आरंभी जगाने करावयाची पहिली गोष्ट म्हणजे न जन्मलेल्याचे रक्षण. पहाट ही गर्भवती असते, हे नाते मराठी कवितेनेही ओळखले आहे. बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांच्या एका प्रसिद्ध कवितेत माघातल्या पहाटे उजळणाऱ्या मुंबई बंदराला नुकत्याच न्हालेल्या गर्भवतीची कांती दिली आहे. यंत्रयुगातील तुटलेल्या माणसाची कविता लिहिणाऱ्या कवीने महानगराच्या पहाटेसाठी हीच प्रतिमा निवडावी, याला महत्त्व आहे. तिरुक्करुगावूरचे स्थळपुराण, मर्ढेकरांची पहाट आणि एज यांच्या रात्रकाव्यातील बाळंतीण यांत कोणतेही देवाणघेवाणीचे नाते नाही. तरीही दिवसाचा पूर्ण आकार मनात धरणाऱ्या प्रत्येक रचनेला जन्म देणाऱ्या स्त्रीसाठी कोठेतरी जागा करावी लागली, हे निरीक्षण नोंदवण्याजोगे आहे.

७

यावरून सुटा अंश अपुरा आणि त्याचा आस्वाद अज्ञानमूलक, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ज्या स्त्रीला गर्भपाताचे भय आहे तिने उरलेली चार देवळे केली नाहीत म्हणून तिची यात्रा अर्धी, असे कोणतीही परंपरा म्हणत नाही. परंपरेने तिच्यासाठी तूप आणि एरंडेल ठेवले आहे, पाच देवळांची अट ठेवलेली नाही. त्याचप्रमाणे रात्री एकटे असताना एक गीत ऐकून ज्याला धीर आला त्याला संपूर्ण अल्बम न ऐकल्याबद्दल दोष देणे ही समीक्षेची अरसिकता ठरेल. शिवाय १९७२ चे उदाहरण असे सांगते की, सुट्या गीतानेच अनेकांना अल्बमकडे परत नेले. अंश हा संपूर्णाचा शत्रू नसतो, बरेचदा तो त्याचे दार असतो.

समीक्षेचे काम वेगळे आहे. दारातून आत गेल्यावर काय आहे, हे तिने सांगावे. संकल्पनाप्रधान अल्बमविषयीचे लेखन पुष्कळदा वादकांचे कौशल्य, वाद्यमेळाचे आकारमान आणि ‘अभिजात’ संगीताशी असलेली जवळीक यांवर अडकून पडते. या निकषांवर ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ हा पुढील काळातील अनेक रचनांहून साधा ठरतो. त्याची गीते गुंतागुंतीची नाहीत, काव्ये काही ठिकाणी भाबडी आहेत आणि वाद्यवृंद गोडव्याकडे झुकतो. त्याचे टिकाऊपण या गोष्टींत नाहीच. सामान्य माणसाचा सामान्य दिवस ओवण्याजोगा आहे, आणि त्या ओवणीत एकाचे दुःख दुसऱ्याच्या जागरणाशेजारी येऊन बसते, या श्रद्धेत ते आहे. ज्यांनी ही रचना घडवली त्यांतील रे थॉमस २०१८ मध्ये, एज २०२१ मध्ये आणि पिंडर २०२४ मध्ये निवर्तले. लेखक आणि वाचक दोघेही गेले असले तरी रात्रीचे काव्य त्याच जागी आहे : गीतानंतर आणि घंटेच्या आधी.

तुलनात्मक अभ्यासापुढे यातून एक व्यापक प्रश्न उभा राहतो. आजचे श्रवण, वाचन आणि तीर्थाटनही अधिकाधिक सुट्या अंशांचे होत आहे. निवडक गीत, निवडक उतारा, निवडक देऊळ. ही प्रक्रिया थांबवता येणार नाही व ती सर्वस्वी अनिष्टही नाही. परंतु प्रत्येक सुट्या अंशाला एक मूळ जागा असते आणि त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे कोणीतरी असते. तिरुक्करुगावूरच्या पहाटेनंतर अवळिवनल्लूरची सकाळ असते, आणि प्रेमिकाच्या रात्रीच्या पलीकडच्या खिडकीत एक बाळ दूध पीत असते. ही शेजारसंबंधांची जाणीव जिवंत ठेवणे हे संहितेच्या अभ्यासाचे जितके, तितकेच आस्वादाचेही कर्तव्य होय.